बाबूराव पटेल : एका चित्रपट-टीकाकाराचे स्मरण

कवी निवर्तला तर त्याचे काव्य मागे राहते. गवई निवर्तला तर निदान त्याच्या गाण्याच्या तबकड्या राहतात. चित्रपटांवर लिहिणारा टीकाकार निवर्तला म्हणजे मागे काय उरते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ज्या बोलपटांविषयी त्याने लिहिलेले असते ते केव्हाच पडद्यावरून उतरलेले असतात, ज्या अंकांत लिहिलेले असते ते वाण्याच्या पुड्यांना लागलेले असतात, आणि ज्या नटनटींना त्याने चढविले वा उतरविले त्यांच्या स्मरणात त्याला स्थान असलेच तर ते बहुधा शिव्यांच्या यादीत असते. तरीही आपल्याकडे असा एक टीकाकार होऊन गेला की, त्याच्या मृत्यूला चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही त्याचे जुने अंक लोक शोधून शोधून वाचतात, त्याच्यावर ग्रंथ लिहितात, आणि त्याला थोर म्हणावे की दुष्ट म्हणावे याविषयी अद्याप वाद घालतात. हा टीकाकार महाराष्ट्रातला होता. त्याचे नाव बाबूराव पटेल.

आडनावावरून पुष्कळांस ते गुजराती वाटतात. पण मूळ आडनाव पाटील. ४ एप्रिल १९०४ रोजी मासवण या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. शाळेचे शिक्षण त्यांनी पुरे केले नाही. ज्याने शाळा अर्धवट सोडली त्याच माणसाने पुढे इंग्रजी भाषेत असे मासिक चालवावे की, ज्याची भाषा वाचण्यासाठी बी. ए., एम. ए. झालेल्या लोकांनी पैसे मोजावेत, ही गोष्ट शिक्षकांस थोडी अवघड वाटण्याजोगी आहे खरी. त्यांचे इंग्रजी वर्गात शिकवितात त्या जातीचे नव्हतेच. ते चटपटीत होते, बोचरे होते, शब्दांशी खेळणारे होते; आणि प्रसंगी ते अतिशय असभ्यही होई.

बाबूरावांची योग्यता कळण्यासाठी त्यांच्यापूर्वी चित्रपट-परीक्षण कशाला म्हणत ते प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला आणि हा धंदा आपल्याकडे सुरू झाला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ बोलू लागली; पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. या वीस वर्षांत चित्रपटांची संख्या वाढली, चित्रगृहे वाढली, नटनटींची नावे घराघरांत पोहोचली. परंतु त्यांच्याविषयी जे छापून येई ते बहुतांशी निर्मात्याने स्वखर्चाने काढलेल्या हस्तपत्रकाचेच दुसरे रूप असे. चित्र ‘भव्य’, नायिका ‘लावण्यवती’, देखावे ‘नेत्रदीपक’, गाणी ‘मनोहर’. ही चार विशेषणे अनुक्रम बदलून प्रत्येक चित्राला लावली की परीक्षण पुरे झाले. विद्वान मंडळी याहूनही वाईट करीत, म्हणजे त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. नाटकावर गंभीर टीका करणे हे प्रतिष्ठेचे काम होते. सिनेमावर लिहिणे हे पोरकट काम समजले जाई.

या धंद्याची आतली बाजू बाबूरावांना चांगली माहीत होती. मूकपटांच्या काळातच ते त्यात शिरले होते. १९२९ साली त्यांनी ‘किस्मत’ नावाचा मूकपट दिग्दर्शित केला. पुढे ‘महानंदा’, ‘महाराणी’ आणि ‘बाला जोबन’ (दोन्ही १९३४), ‘परदेसी सैंया’ (१९३५) हे बोलपट केले. दिग्दर्शक या नात्याने त्यांचे नाव फारसे झाले नाही. कॅमेरा कसा चालतो, पैसा कुठून येतो, नटीला प्रत्यक्षात किती मिळते आणि जाहिरातीत किती सांगतात, हे मात्र त्यांना या उद्योगात कळले, आणि टीकाकाराला हे ज्ञान दिग्दर्शनाच्या कीर्तीपेक्षा अधिक उपयोगी पडते. न्यू जॅक प्रिंटिंग प्रेसचे मालक डी. के. पारकर यांच्या साहाय्याने एप्रिल १९३५ मध्ये त्यांनी ‘फिल्मइंडिया’ मासिकाचा पहिला अंक काढला. किंमत चार आणे. तो अंक हातोहात खपला.

अंक उघडला की प्रथम डोळ्यांत भरत ते त्यातील मुखपृष्ठांचे रंग. एस. एम. पंडित यांच्यासारख्या चित्रकाराची कुंचल्याने रंगविलेली चित्रे त्यावर असत. आत पाने पालटावी तो जाहिराती, स्टुडिओंच्या वार्ता, ‘जुडास’ या टोपणनावाने लिहिलेला मुंबईच्या सिनेसृष्टीचा खोडकर वृत्तांत, मग संपादकीय, आणि मग वाचकांच्या प्रश्नांना संपादकाने दिलेली उत्तरे. हे उत्तरांचे सदर म्हणजे त्या मासिकाचा प्राण होता. वाचक काय वाटेल ते विचारीत. अमुक नटीचे वय काय येथपासून लग्न करावे की न करावे, स्वराज्य केव्हा मिळेल, देव आहे काय, येथपर्यंत. बाबूराव एकदोन ओळींत उत्तर देत. त्यात कधी शहाणपण असे, कधी नुसतीच टवाळी, आणि प्रश्न विचारणाऱ्याची फजिती मात्र बहुधा असे. तरीही पुढच्या महिन्यास दुप्पट पत्रे येत! आपल्या नावाची जाहीर फजिती व्हावी यासाठी माणसे पोस्टाची तिकिटे खर्च करीत, हे मनुष्यस्वभावाचे एक मजेदार लक्षण म्हटले पाहिजे.

परीक्षणांची रचना मात्र पद्धतशीर असे. प्रत्येक परीक्षणाच्या आरंभी एक चौकट. तीत निर्माता, भाषा, कथा, संवाद, गीते, संगीत, छायालेखन, ध्वनिलेखन, भूमिका, दिग्दर्शन, कोणत्या चित्रगृहात व कोणत्या दिवशी प्रदर्शित झाले, हे सारे नोंदलेले असे. त्यानंतर कथेचा सारांश, मग कथेतील दोष, मग दिग्दर्शन, मग प्रत्येक नटाच्या कामाविषयी स्वतंत्र मत. ही चौकट त्या काळच्या वाचकाने क्वचितच वाचली असेल. त्याची नजर खालच्या चाबकाच्या फटकाऱ्यांवर. आज उलट झाले आहे. फटकारे गमतीदार वाटतात, आणि खरी किंमत त्या चौकटीला आली आहे. त्याचे कारण पुढे येईल.

या परीक्षणांचे सामर्थ्य किती होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. चित्र मुंबईस लागल्यावर ते लहान गावांपर्यंत पोहोचावयास पुष्कळ महिने, कधी वर्षेही लागत. बारामती-इंदापूरच्या टापूत, नीरेच्या कालव्याच्या काठाने वसलेल्या पणदऱ्यासारख्या गावांच्या भागात, सिनेमा यावयाचा तो फिरत्या तंबूतून. सुगी झाल्यावर, जत्रेच्या सुमारास मैदानात तंबू उभा राहावयाचा, यंत्राच्या धडधडीने सारा परिसर भरून जावयाचा, एका बाजूस बाया आणि दुसऱ्या बाजूस पुरुष जमिनीवर बसावयाचे, आणि रिळ बदलताना शिट्ट्यांचा गजर व्हावयाचा. ही मंडळी इंग्रजी मासिक वाचीत नसत, हे उघडच आहे. पण तंबूवाला कोणते चित्र आणील हे वितरक ठरवी. वितरक मुंबई-पुण्याच्या खपाकडे पाही. आणि मुंबई-पुण्याचा शिकलेला प्रेक्षक ‘फिल्मइंडिया’ने काय म्हटले ते पाहून तिकीट काढी. टीकाकाराचा शब्द असा चार हात फिरत फिरत कंदिलाच्या उजेडात बसलेल्या माणसापर्यंत पोहोचे, आणि त्या माणसाला टीकाकाराचे नावही ठाऊक नसे.

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होते. जे मासिक निर्मात्यांच्या जाहिरातींवर चालते, त्याचा संपादक त्याच निर्मात्यांच्या चित्रांविषयी निःपक्षपाती मत कसे देणार? शिवाय बाबूराव केवळ संपादक नव्हते. चित्रांच्या प्रसिद्धीचे काम ते करीत, प्रभातशी त्यांचा या निमित्ताने निकट संबंध होता, आणि प्रभातच्या चित्रांची त्यांनी आरंभी मनमोकळी तरफदारी केली. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) ही चित्रे तरफदारीस पात्र होती यात संशय नाही. ‘संत तुकारामा’ची १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाहवा झाली ती काही बाबूरावांच्या शिफारशीमुळे नव्हे. पण पुढे व्ही. शांतारामांशी त्यांचे फाटले, आणि त्यानंतर त्याच शांतारामांच्या चित्रांवर त्यांची लेखणी जी कडू झाली ती पाहता, आधीच्या गोडव्यातला किती भाग चित्राचा होता आणि किती मैत्रीचा होता, असे वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. जाहिरातदारांपुढे ते वाकले असे सरसकट म्हणता येत नाही. पानभर जाहिरात देणाऱ्यालाही त्याच अंकात झोडपल्याची उदाहरणे आहेत. त्यांचा पक्षपात पैशापेक्षा रागलोभाचा अधिक होता. पैशाने विकत घेतलेला टीकाकार निदान ओळखू येतो. रागावलेला टीकाकार ओळखणे कठीण, कारण त्याला स्वतःलाही तो राग सत्यच वाटत असतो.

आता त्यांच्या चुकांविषयी. १९४३ साली बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला. दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी, नायक अशोककुमार. (बाबूरावांच्या पहिल्या मूकपटाचे नावही हेच होते, हा नुसता योगायोग.) नायक हा खिसेकापू आणि घरफोड्या, तरी प्रेक्षकांचा लाडका. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात हे चित्र तीन वर्षांहून अधिक काळ चालले. बाबूरावांनी मात्र त्यावर कोरडे ओढले. चोराला नायक केले, गुन्ह्याला मोहक रूप दिले, तरुण पोरांपुढे वाईट कित्ता ठेवला, असा त्यांचा आक्षेप. चित्र सर्वतोपरी यशस्वी झाले म्हणून आक्षेप खोटा ठरला, असे पुष्कळ लोक म्हणतात. तसे म्हणणे बरोबर नाही. टीकाकार हा ज्योतिषी नव्हे. गल्ला किती जमेल हे सांगणे त्याचे काम नाही. बाबूरावांनी कारण देऊन मत मांडले होते, आणि ते कारण आजही तपासून पाहता येते. गुन्हेगार नायकांची जी रीघ त्यानंतर आपल्या पडद्यावर लागली ती पाहता ते कारण अगदीच पोकळ होते असे कोणी म्हणू नये.

‘ज्वारभाटा’ची गोष्ट निराळी. १९४४ साली याच बॉम्बे टॉकीजने एक नवा तरुण पुढे आणला. पेशावरच्या फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, नाव युसुफ खान. पडद्यावरचे नाव दिलीपकुमार. ‘फिल्मइंडिया’ने त्याची संभावना अशी केली की, हा पांडुरोग्यासारखा फिकट मुलगा असून त्याला पुन्हा कॅमेऱ्यापुढे आणण्यापूर्वी दीर्घकाळ जीवनसत्त्वांचा खुराक दिला पाहिजे. हा तरुण पुढे कोण झाला हे सांगावयास नको. टीकाकारांची खोड मोडावयाची असली की हे उदाहरण हटकून दिले जाते. परंतु येथे चूक कोणती झाली? नव्या नटाचे काम कच्चे होते हे म्हणणे चूक नव्हते. खुद्द दिलीपकुमारांनीही आपल्या पहिल्या चित्रातील कामाचा कधी अभिमान मिरविला नाही. चूक ही की, कामाविषयी बोलण्याऐवजी टीकाकार अंगकाठीविषयी बोलला. आवाज कसा लागला, दृष्टी कुठे ठरली, हाताचे काय करावे हे त्याला कळत होते की नाही, यांविषयी चार ओळी असत्या तर त्या आजही उपयोगी पडल्या असत्या. जीवनसत्त्वांचा विनोद तेवढा उरला आहे, आणि तो विनोद करणाऱ्यावरच उलटला आहे.

हाच दोष नटींच्या बाबतीत अधिक गडद होई. स्त्रियांचे वय, शरीराची ठेवण, खाजगी आयुष्य, यांवर त्यांनी जे लिहिले त्यातील पुष्कळ भाग आज कुटुंबात मोठ्याने वाचता येणार नाही. त्या काळची रीतच तशी होती, असे समर्थन कोणी करील. पण त्याच काळात, त्याच मुंबईत, संयमाने लिहिणारे लोक होते. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये ख्वाजा अहमद अब्बास चित्रपटांवर लिहीत, आणि त्यांना अशा शस्त्राची कधी गरज पडली नाही. शिवाय बाबूरावांना स्तुती करता येत नव्हती असेही नाही. १९५७ साली ‘मदर इंडिया’ आला तेव्हा नर्गिसच्या कामाविषयी त्यांनी जे लिहिले ते इतके भरभरून होते की, हीच लेखणी इतरत्र चिखल का उडविते, असा प्रश्न पडावा.

अब्बासांचे नाव आले म्हणून ‘फिल्मइंडिया’च्या सर्वांत उजळ पानांकडे वळले पाहिजे. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतील कंपन्या हिंदुस्थानविषयी अशी चित्रे काढू लागल्या की, त्यांत एतद्देशीय मनुष्य एक तर विश्वासघातकी किंवा रानटी, आणि गोरा शिपाई तेवढा शूर. १९३८ साली अलेक्झांडर कोर्डाचे ‘द ड्रम’ मुंबईत लागले तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि चित्र काढून घ्यावे लागले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या ‘गंगा दीन’चा प्रश्न उपस्थित झाला, आणि मुंबई व बंगाल प्रांतांत ते प्रदर्शित होऊ शकले नाही. या जातीच्या चित्रांविरुद्ध ‘फिल्मइंडिया’ने महिनोन्महिने मोहीम चालविली. नुसता आरडाओरडा केला नाही; कोणत्या प्रसंगात काय दाखविले आहे आणि ते का खोटे आहे हे सांगितले. पारतंत्र्यातील देशात चित्रपट-टीका हे देशकार्य होऊ शकते, हे प्रथमच वाचकांच्या ध्यानात आले. १९३९ साली बाबूराव स्वतः युरोप-अमेरिकेस जाऊन तेथील स्टुडिओ पाहून आले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अंकात अब्बासांनी महात्मा गांधींस लिहिलेले अनावृत पत्र छापले. गांधीजींनी सिनेमाची गणना जुगार, शर्यती यांसारख्या व्यसनांत केली होती. अब्बासांनी अत्यंत आदराने, मुलाने वडिलांजवळ हट्ट धरावा तशा भाषेत, या नव्या कलेला आशीर्वाद मागितला. गांधीजींचे मत त्याने पालटले नाही. १९४४ साली जुहूस मुक्काम असता त्यांनी विजय भट्टांच्या ‘रामराज्य’चा काही भाग पाहिला, तेवढाच काय तो त्यांचा आपल्या बोलपटांशी संबंध. परंतु ते पत्र छापणारे मासिक हे केवळ नटींच्या चित्रांचे मासिक नव्हते, एवढे तरी कबूल करावे लागते.

बाबूरावांच्या पत्नी सुशीलाराणी यांचा उल्लेख नवऱ्याच्या चरित्रात एका ओळीत उरकण्याची चाल आहे. ती बरोबर नाही. त्या शास्त्रोक्त गायिका होत्या. मोगूबाई कुर्डीकरांकडे त्यांनी तालीम घेतली होती. मासिकाचे लिहिण्याचे आणि संपादनाचे पुष्कळ काम त्या अंगावर घेत. त्यांना नायिका करून बाबूरावांनी १९४४ साली ‘द्रौपदी’ आणि १९४६ साली ‘ग्वालन’ ही चित्रे काढली. दुसऱ्यांच्या चित्रांची वर्षानुवर्षे चिरफाड करणाऱ्याचे स्वतःचे चित्र कसे असेल, या कुतूहलाने लोक गेले. पण चित्रे चालली नाहीत. शत्रूंना आनंद झाला. सुशीलाराणींचे गाणे मात्र चित्रांच्या अपयशाने थांबले नाही. २००२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०१४ साली, नव्वदी उलटून गेल्यावर, त्या निवर्तल्या.

टीकाकाराने स्वतः चित्र काढावे की नाही, हा वाद यानिमित्ताने निघतो. मराठीत त्याचे दुसरे उदाहरण आचार्य अत्र्यांचे. सासवडजवळच्या कोढीतचे अत्रे हे शिक्षकी पेशातून आलेले, आणि ‘नवयुगा’त व पुढे ‘मराठा’त त्यांची लेखणी बाबूरावांइतकीच तिखट चालली. त्यांनीही चित्रे लिहिली, काढली, आणि त्यांत पैसा घालविला. पण १९५३ साली त्यांनी ‘श्यामची आई’ केले, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रास मिळाले. एकच धाडस एकाला तारते आणि दुसऱ्याला बुडविते. फरक कदाचित हा असावा की, अत्र्यांना शिव्या देता येत तसे गदगदून रडताही येई. बाबूरावांच्या लिखाणात डोळ्यांत पाणी आणणारी जागा शोधावी लागते.

देशाच्या फाळणीच्या सुमारास त्यांच्या लेखणीत जो पालट झाला तो मात्र हसून सोडून देता येत नाही. मुस्लिम लीगच्या राजकारणाला विरोध करणे हा एक भाग. परंतु तो विरोध हळूहळू एका समाजावरील द्वेषाच्या स्वरूपात उतरला, आणि चित्रपटांच्या परीक्षणांतही नटांचा धर्म डोकावू लागला. उर्दूचे विख्यात कथाकार सआदत हसन मंटो हे एके काळी बाबूरावांच्याच ‘कारवाँ’ या उर्दू साप्ताहिकाचे संपादक होते. १९४८ साली मंटो लाहोरास गेले. तेथे त्यांनी मुंबईच्या आठवणी लिहिल्या. त्यांत एक लेख बाबूरावांवर आहे. त्यांच्या दिलदारपणाचे, चतुराईचे, बेदरकार हसण्याचे वर्णन मंटो प्रेमाने करतात, आणि मग हाच मनुष्य विष कसे ओकू लागला याचे दुःख व्यक्त करतात. मृत माणसाविषयी वाईट बोलू नये असे आपल्याकडे म्हणतात. मंटोंनी हा लेख बाबूराव जिवंत असताना लिहिला, आणि त्यांच्यावरील एकाही मृत्युलेखात इतकी खरी माया आढळणार नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. चित्रपटांपेक्षा राजकारणाने त्यांना अधिक ओढले. १९६० च्या सुमारास मासिकाचे नाव बदलून ‘मदर इंडिया’ झाले आणि त्यातील सिनेमाची पाने कमी कमी होत गेली. १९६७ साली मध्यप्रदेशातील शाजापूर मतदारसंघातून जनसंघाच्या वतीने ते लोकसभेवर निवडून आले. होमिओपॅथीचा त्यांना नाद होता. ते औषधे देत आणि त्यावर लिहीतही. ४ सप्टेंबर १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तोपर्यंत नवी पिढी त्यांना जवळजवळ विसरली होती.

मग त्यांची आठवण पुन्हा जागी कशी झाली? येथे त्या चौकटीची गोष्ट येते.

जुनी चित्रे ज्या फितीवर घेत ती नायट्रेटची फीत फार लवकर पेट घेई, आणि पेटली नाही तर उष्ण-दमट हवेत आपोआप कुजून तिचे पीठ होई. शिवाय तिच्यात थोडी चांदी असे. पडून राहिलेल्या प्रती चांदीसाठी धुऊन विकल्या जात. आपल्याकडे सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांपैकी पुरे किंवा तुटक असे तीसेकच आज पाहावयास मिळतात. ‘आलम आरा’ची एकही प्रत शिल्लक नाही. बोलपटांच्या पहिल्या वीस वर्षांतीलही पुष्कळ चित्रे अशीच गेली. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गोदामे, अडगळी धुंडाळून मिळेल ते गोळा करावयास आरंभ केला, तेव्हा मूळ वस्तूंचा मोठा भाग आधीच नाहीसा झालेला होता. अशा नष्ट चित्राविषयी अभ्यासकाला काही हवे असेल तर तो काय करणार? तो ‘फिल्मइंडिया’चा त्या महिन्याचा अंक काढतो. चौकटीत कॅमेऱ्यामागे कोण होता ते सापडते, गीते कोणाची ते सापडते, कोणत्या शुक्रवारी कोणत्या चित्रगृहात ते लागले ते सापडते. आणि खाली कथेचा सारांश मिळतो, मग तो कितीही कुत्सितपणे लिहिलेला असो. ज्याने चित्रांची टर उडविली त्याच्याच पानांमुळे त्या चित्रांची नावनिशाणी टिकली आहे.

सुशीलाराणींनी हे अंक जपून ठेवले. पुढे परदेशांतील ग्रंथालयांतील प्रतींची यंत्राने छायाचित्रे घेऊन ती महाजालावर कोणालाही विनामूल्य पाहता येतील अशी ठेवण्यात आली. २०१५ साली पत्रकार सिद्धार्थ भाटिया यांनी पटेल पतिपत्नींवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. कोणत्याही गावात बसून आज १९३८ चा अंक उघडता येतो. तंबूतल्या सिनेमाच्या काळी ज्या गावांत तो अंक कधीच पोहोचला नव्हता तेथेही.

चित्रपट-टीकेची एक निराळी परंपराही महाराष्ट्रात आहे, तिचा उल्लेख येथे करणे न्याय्य होईल. १ जानेवारी २०२३ रोजी मुंबईत सुधीर नांदगावकर निवर्तले. तेही चित्रपट-समीक्षक, पण त्यांचा भर चाबकावर नव्हता. १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाच्या उभारणीत ते अग्रभागी होते, फिल्म सोसायट्यांच्या संघटनेत त्यांनी आयुष्य वेचले, आणि प्रेक्षकाला चांगले चित्र दाखविले म्हणजे वाईट चित्रावर फार लिहावे लागत नाही, या समजुतीने ते खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांच्या सरबराईपर्यंत सारे करीत राहिले. बाबूरावांनी वाचक मिळविले. नांदगावकरांनी प्रेक्षक घडविले. दोघांची गाठ घालून दिली असती तर पहिल्या पाच मिनिटांतच वाद झाला असता.

बाबूरावांच्या बाजूने मात्र एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. त्यांनी चित्रपट ही क्षुल्लक वस्तू कधीच मानली नाही. वाईट चित्र पाहून त्यांना जो संताप येई तो खरा होता, कारण हे चित्र लक्षावधी माणसे पाहणार आहेत हे ते क्षणभरही विसरत नसत. त्या संतापाच्या भरात त्यांनी अनेकांवर अन्याय केला, हेही तितकेच खरे. महाजालावरील जुन्या अंकात ‘ज्वारभाटा’चे परीक्षण आजही जसेच्या तसे वाचावयास मिळते. वर चौकटीत दिग्दर्शक अमिय चक्रवर्ती यांचे नाव आहे, संगीत अनिल विश्वासांचे, आणि नटांच्या यादीत, त्या वेळी कोणालाच ठाऊक नसलेले, दिलीपकुमार हे नाव.